खाल्लं मी, चढलं तिला

...आणि वर लोक मलाच विचारतात, उस्ता शलबी, एवढे का वाळलात, धंदा मंदावलाय का, लेकीकडे काही बरंवाईट... अरे बाबांनो, धंदा ठीक आहे, लेक तिकडं मन्सूऱ्याला सासरी सुखात आहे, आणि मला, मी शपथेवर सांगतो, काहीही झालेलं नाही. झालंय ते माझ्या बायकोला. फक्त ते तिच्या अंगावर दिसत नाही, माझ्या दिसतं.

तुम्हाला सांगतो, या दुमियात शहरात चौतीस वर्षं मी लाकूड कोरतोय, म्हणून लोक उस्ता म्हणतात, उस्ताद कारागीर. नवरीच्या पलंगाला उशाशी जी गुलाबं असतात, पाकळीवर पाकळी, ती माझ्या हातची. आणि त्या चौतीसातली तीस वर्षं मी इन्साफच्या हातचं बदक खातोय. कांदा भरलेलं, तुपात परतलेलं, कातडी अशी की नुसतं बोट लावलं तरी कुरकुरेल. दर शुक्रवारी. बदक ताटात आलं की छातीचा भाग मला, कातडीसकट, तंगड्या लेकीला, आणि ती स्वतः काय घ्यायची, तर मान. मान आणि पंखाची टोकं. मी म्हणायचो, अगं, घे की चांगलं मांस. ती म्हणायची, "मला मानच आवडते." तीस वर्षं मी ते खरं मानलं. सांगा मला, जगात कुणाला मान आवडते?

तर झालं असं, की गेल्या साली थंडीत एक कपाट उचलताना माझ्या छातीत चमक भरली. एवढीशी. मी चूक केली ती ही, की घरी येऊन सांगितलं. इन्साफनं चूल बंद केली, ओढणी बांधली, माझी फाईल काखोटीला मारली, आणि चप्पल घालायच्या आत मी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात होतो. तिथं नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, शहीरा म्हणून. आवाज असा, की मी वर्गात गृहपाठ विसरून आल्यासारखा बसलो. त्यांनी नळी लावली, तारा लावल्या, कागद काढला, आणि म्हणाल्या, "उस्ता, स्नायू आखडलाय. हृदय घोड्यासारखं आहे. तरी रक्त तपासून घेऊ." आणि मग माझ्या बायकोकडे वळून, "आणि तुमचं, हाज्जा?"

"मी हाज्जा नाही, बाई. अजून हजला जायचंय. आणि मी यांच्यासोबत आलेय."

"शेवटचं रक्त कधी तपासलंत?"

"रदवाच्या वेळी."

"रदवा केवढी आहे?"

"सत्तावीस."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "रोज हेच बघते मी. नवरे येतात छातीवर हात ठेवून, आणि बायका येतात त्यांच्यामागं फाईल धरून. वय काय तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

मी तोंड उघडलं. इन्साफनं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं. पण डॉक्टरीणबाईंनी ओळखपत्र मागितलं, आणि तिथं सरकारनं त्रेपन्न लिहिलेलं, त्याला कोण काय करणार?

"पाळी जाऊन किती झालं?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी पुरुषानं कुठं बघायचं? समोर भिंतीवर दातांचं चित्र होतं. मी दात मोजायला लागलो. अकराव्या दातावर होतो तेव्हा इन्साफ म्हणाली, "तीन वर्षं." आणि मी मोजायचा थांबलो. तीन वर्षं? मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे ऐन जानेवारीत ती पांघरूण फेकून नदीकडची खिडकी उघडायची, ते हे? मला वाटायचं, माझ्या पॉलिशच्या वासानं तिला कोंडल्यासारखं होतं. मी बिचारा सगळे डबे उचलून दुकानात नेऊन ठेवले. आणि एकदा घरातलं मीठ संपलं म्हणून ती ओट्याला टेकून रडली होती. हमसून हमसून. मला वाटलं, मिठासाठीच रडतेय. मी जाऊन तीन किलो मीठ आणलं.

असो. चार दिवसांनी दोन कागद आले. डॉक्टरीणबाईंनी एक माझ्यापुढं सरकवला. कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्ट. "उत्तम." दुसरा तिच्यापुढं. दोनशे एक्याण्णव, आणि त्यातली जी वाईट चरबी असते, शिरांना चिकटणारी, ती एकटीच दोनशेच्या वर. मी म्हटलं, बाई, कागद बदललेत. नक्की बदललेत. कातडी कुणी खाल्ली? मी. तुपात भाकरी कुणी बुडवली? मी. हिनं तर माना चघळल्या तीस वर्षं. मग हा न्याय कुठला? खाल्लं मी आणि चढलं तिला? बायकोचं नाव इन्साफ आहे, आणि तिच्याच वाट्याला हे?

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उस्ता, बाईच्या अंगात पाळी असेपर्यंत एक वॉचमन असतो. रक्तातली ही घाण तो बऱ्यापैकी आवरून धरतो. पाळी गेली की तो निवृत्त होतो, आणि त्याच्या जागेवर दुसरा कुणी येत नाही. वर्षा-दोन वर्षांत हा आकडा चढतो. कुणाला कळत नाही, कारण दुखत काहीच नाही. आणि काही घराण्यांत तो आधीपासूनच जास्त असतो." मग तिला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला हृदयाचा त्रास होता?"

"नाही," इन्साफ म्हणाली.

मी म्हटलं, "अदीला."

इन्साफ आपल्या ओढणीचं टोक घडी घालत बसली, मग उलगडत बसली.

अदीला तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या घालणारी तीच. सत्तावन्न वर्षांची होती. आठवडाभर म्हणत होती, पाठ भरून येते, दम लागतो, जबडा दुखतो. जबड्यासाठी दाताच्या डॉक्टरकडे गेली, त्यानं एक दाढ काढली. चांगली होती दाढ. मग एका शुक्रवारी आमच्याकडे आली, दोघी बहिणी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसल्या, आणि अदीला म्हणाली, मला कसंसंच होतंय. इन्साफनं तिला बडीशेपेचा काढा करून दिला, गॅस असेल म्हणाली, जरा आडवी हो म्हणाली. अदीला आडवी झाली. ती उठलीच नाही... लोक म्हणाले, नवरा परदेशी, जिवाला घोर, त्यानं गेली. बायका म्हणाल्या, नजर. हृदयाचं नाव कुणी काढलं नाही. बाईमाणसाचं हृदय दुखतं ते दुःखानंच, असंच सगळे धरून चालतात.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या. तूप कमी. रोज चालणं. आणि रोज संध्याकाळी जेवणानंतर एक गोळी. तीन गोष्टी, बरं का. लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट घरात शिरली ती थेट माझ्या ताटात. दुसऱ्या दिवशी तुपाचा डबा शेजारी गेला. शुक्रवारी ताटावरचं झाकण उचललं, तर आत उकडलेला कूसा-भोपळा. नुसता. कुणी फोडणी दिली नाही, कुणी दुःख केलं नाही, तसाच पांढराफटक पडलेला. मी म्हटलं, इन्साफ, आकडा तुझा चढलाय. ती म्हणाली, "अबू रदवा, मी एकटी खाऊ का हे?" आता याला तुम्ही काय उत्तर द्याल? मी खाल्ला.

दुसरी गोष्ट चालणं. रोज उन्हं कलली की नदीकाठच्या रस्त्यानं. ती पुढं, मी मागं. बाई अशी चालते की बघणाऱ्याला वाटावं मी तिची पर्स चोरलीय आणि परत द्यायला धावतोय. वाटेत ते मुशब्बकचं दुकान आहे, कढईतून पाकातून निघालेली जाळीदार मिठाई, लाल, पिवळी... मी नुसता उभा राहायचो. खात नव्हतो हो, वास घेत होतो. ती पुढून वळूनही न बघता म्हणायची, "शलबी." तुम्हाला सांगतो, एरवी मी अबू रदवा असतो, रदवाचा बाप. राग आला की नुसता शलबी उरतो.

आणि तिसरी गोष्ट, गोळी... तिथं आली बहिया.

बहिया म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची. मनाची चांगली, पण तिला प्रत्येक आजाराचं एक माणूस माहीत असतं आणि ते माणूस मेलेलं असतं. ती जिन्यातच सुरू झाली, "इन्साफ, माझ्या राणी, त्या गोळीला हात लावू नकोस. माझ्या नणंदेच्या जावेनं घेतली, तिचे स्नायू वितळले. लोण्यासारखे. लिव्हर गेलं, आठवण गेली, पोरांची नावं विसरली. कशाला हवीय? चाळीस लिंबं घे, तीस गड्डे लसूण घे, उकळ, गाळ, रोज उपाशीपोटी एक पेला." झालं. आमच्या घरात चाळीस लिंबं आणि तीस गड्डे. वास घरात, वास जिन्यात, वास माझ्या सदऱ्यात. एक नवरीची आई पलंग बघायला दुकानात आली, कोरलेल्या गुलाबावर नाक टेकवलं आणि म्हणाली, "उस्ता, लाकूड कसलं वापरता?" मी काय सांगणार, अक्रोड म्हणून?

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. पुन्हा दोन कागद. तिचा दोनशे चौऱ्याऐंशी. सात उतरले. एवढ्या लिंबांमागं सात. आणि माझा? एकशे एकोणचाळीस. बघा म्हणजे. खाल्लं मी तेव्हा चढलं तिला, आणि सोडलं मी तर उतरलं मलाच. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "गोळी घेताय ना रोज?" इन्साफ म्हणाली, "घेते की." आणि मी, तीस वर्षांचा नवरा, मला तिचा आवाज कळतो. मान आवडते म्हणताना जो असायचा, तोच आवाज.

घरी आलो, दुपारची वेळ, ती अंघोळीला गेली, आणि मी स्वयंपाकघरात काही खायला सापडतं का बघत होतो. खोटं कशाला बोलू, गोळ्या शोधत नव्हतो, बिस्किटं शोधत होतो. रव्याच्या डब्यात हात घातला आणि हाताला लागली पाकिटं. तीन महिन्यांची. एकही गोळी फोडलेली नाही.

ती केस पुसत आली, मी पाकिटं टेबलावर मांडून बसलेलो. मला वाटलं होतं, भांडेल. मी भांडणाची तयारी करूनच बसलो होतो, आता माझ्या भोपळ्यांचा हिशोब दे, असं म्हणणार होतो. ती समोर बसली. पाकिटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढीशी गोळी आहे, अबू रदवा."

मी म्हटलं, "मग घेत का नाहीस?"

"एवढ्याशा गोळीनं जमतं, तर तिला का नाही दिली कुणी? मी तिला काढा दिला. बडीशेपेचा. वर साखर घातली दोन चमचे, तिला गोड आवडायचं म्हणून. ही गोळी मी घेतली आणि माझं बरं झालं, म्हणजे ते गॅस नव्हतं, घोर नव्हता, नजर नव्हती. म्हणजे ती वाचली असती, आणि मी तिला आडवी हो म्हटलं."

तुम्हाला सांगतो, मी लाकडातला माणूस. लाकूड फाटलं तर मला कळतं कुठं सरस भरायचा, कुठं पाचर मारायची. इथं मला काही कळेना. मी उठलो, नळाचं पाणी पेल्यात घेतलं, सांडलं अर्धं, पुन्हा भरलं, आणि तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "तिच्या दाताच्या डॉक्टरला कळलं नाही, इन्साफ. शिकलेला होता तो. तुला कुठून कळणार होतं? पण आता कळलंय. आणि आज अदीला असती, आणि तिची धाकटी बहीण अशी रव्यात गोळ्या लपवताना तिला दिसली असती, तर तिनं तिच्या कानाखाली काढली असती की नाही?"

ती रडली. त्यात मध्येच हसली, कारण अदीलाचा हात खरंच फार जड होता. आणि तिनं गोळी घेतली. भर दुपारी. मी म्हटलं, अगं, संध्याकाळी जेवणानंतर लिहिलंय. ती म्हणाली, "शलबी, गप्प बस."

दोन महिन्यांनी कागद आला. वाईट चरबी एकशे चार. निम्म्यावर. मी आनंदानं म्हटलं, चला, आता बदक? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिन्यातून एकदा. कातडी काढून." कातडी काढून... पलंगाला उशीच नाही म्हणावं तसं झालं. पण ठीक आहे, महिन्यातून एकदा तरी.

मी समजलो, संपलं. कुठलं संपायला. माझी बायको ज्या दिवशी बरी झाली त्या दिवसापासून खरी सुरू झाली. पर्समध्ये कागद घातला आणि चढली वर बहियाकडे. म्हणाली, "बहिया, वय काय तुझं?" बहिया म्हणाली, "अठ्ठेचाळीस." आमच्या इमारतीत सगळ्याच अठ्ठेचाळीस आहेत, एकही पुढं सरकत नाही. इन्साफ म्हणाली, "छप्पन्न आहेस तू, मला काय सांगतेस? ओढणी बांध." आणि मजल्यामजल्यावर दारं ठोकत गेली. खालची धोबीण, समोरची शाळामास्तरीण, मागच्या गल्लीतल्या चौघी... अकरा बायका गोळा केल्या आणि एका सकाळी उपाशीपोटी सगळ्यांना टेम्पोत कोंबून दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तर समोर मोर्चा.

अकराजणींपैकी सातजणींचं चढलेलं निघालं. सात. पाचजणींना पत्ताच नव्हता. एकीला ठाऊक होतं, पण नवऱ्याच्या मधुमेहाचं औषध आणताना आपलं राहून जायचं. आणि सातवी कोण असेल? बहिया. तिला चार वर्षांपूर्वीच गोळी दिली होती. स्नायू वितळलेली नणंदेची जाऊ वगैरे कुणी नव्हतीच, ती स्वतःच होती. पोटऱ्या दुखल्या, घाबरली, कुणाला न सांगता सोडून दिली, आणि तेव्हापासून लिंबं पिळतेय. डॉक्टरीणबाईंनी तिचं आणखी रक्त तपासलं, म्हणाल्या, "त्रास झाला तर येऊन सांगायचं असतं, गोळी बदलता येते." दुसरी दिली, कमी ताकदीची. पोटऱ्या काही दुखल्या नाहीत. बाहेर आल्यावर इन्साफ तिला काहीतरी जबरदस्त बोलणार म्हणून मी कान टवकारले, तर ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचंस की गं." आणि दोघी हात धरून चालायला लागल्या.

आता रोज उन्हं कलली की नदीकाठी इन्साफ धरून बारा बायका चालतात. आणि मागून आम्ही. धोबी, शाळामास्तरणीचा नवरा, बहियाचा नवरा, सगळे. कुणी बोलत नाही. मुशब्बकच्या दुकानाशी आमची चाल हळू होते, आणि पुढून बारा आवाज बारा नावं घेतात. धोब्यानं तर मला सरळ विचारलं, "शलबी, माझा आकडा एकशे साठ. मग माझ्या ताटात भोपळा का?" मी म्हटलं, बाबा रे, खाल्लं आपण आणि चढलं त्यांना, त्याची भरपाई आहे ही.

आणि गेल्या आठवड्यात काय झालं माहितेय? इन्साफ आपली तपासणीला गेली, मी फाईल धरून मागं. हो, आता फाईल माझ्याकडे असते. डॉक्टरीणबाई कागद बघतायत, सगळं उत्तम म्हणतायत, आणि माझी बायको त्यांना विचारते, "बाई, तुमचं वय किती?"

"एक्कावन्न."

"आणि तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलंत?"

डॉक्टरीणबाईंनी दातांच्या चित्राकडे बघितलं. वेळच मिळाला नाही, म्हणाल्या. इन्साफनं त्यांच्याच हातात त्यांचीच कोरी चिठ्ठी दिली, आणि बाजूला उभी राहून ती लिहून होईपर्यंत हलली नाही. काल कागद आला. दोनशे सत्तर.

आज सकाळी मी दुकानात पाकळ्या कोरत होतो तर फोन वाजला. अनोळखी गृहस्थ. आवाज थकलेला. म्हणाले, "उस्ता शलबी का? मी डॉक्टर शहीरांचा नवरा. आमच्याकडे काल रात्रीच्या जेवणाला भोपळा होता. आज दुपारीही आहे म्हणतात. तुमचा अनुभव मोठा, म्हणून विचारतो... हे साधारण किती दिवस चालतं?"

मी छिन्नी खाली ठेवली. म्हटलं, "साहेब, या बायका आता खूप जगणार आहेत. सवय करून घ्या."